थिबा राजाची माणके

रत्नागिरीस आलात तर हापूसच्या पेट्या आणि भाट्याचा किनारा एवढेच पाहून परत फिरू नका. थोडी वाट वाकडी करून थिबा राजाचा राजवाडा पाहा. उतरत्या छपरांची ही तांबडी इमारत १९१० साली पुरी झाली. जवळच्या टेकाडावरून भाट्याची खाडी फार सुरेख दिसते.

ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य घेतले आणि १८८६ च्या एप्रिलात त्याला येथे आणून ठेवले. बरोबर माणके व दागिने होते. पण माणिक देऊन तांदूळ मिळत नाही! सरकारी तनखा पुरेना, तेव्हा ऐवज एकेक करून मोडावा लागला, तोही पडेल भावाने. विकणारा अडलेला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असले की भाव तोच ठरवतो.

हे सांगण्याचे कारण, हल्ली गावोगावची तरुण मुले बिटकॉइनबद्दल विचारतात. हे आभासी चलन २००९ साली निघाले. त्यामागे कुठलेही सरकार नाही, आणि दोन कोटी दहा लाखांहून अधिक नाणी निघायची नाहीत अशी त्याची रचना. काढले ते रोजच्या देवघेवीसाठी. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एकाने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले. पुढे भाव असा चढला की ज्याच्याकडे आहे तो खर्च करीना, साठवूनच ठेवू लागला. बियाण्याला राखलेले भात कोणी कांडते का?

एल साल्वाडोर या देशाने २०२१ मध्ये ते कायदेशीर चलन केले. २०२५ मध्ये दुकानदारांवरची सक्ती काढून घ्यावी लागली. आपल्याकडे तर एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. बिटकॉइन देऊन खताची गोणी घेतली तरी कायद्याने ती विक्रीच. नफा काढा, कर भरा. मिरकरवाड्याला मासळी घेताना मोबाईलवरून पैसे देता, ते निराळे. तो आपला रुपयाच, फक्त वाट नवी.

राहिली गुंतवणूक. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरजवळ होता. वर्षभरात तो १७ हजारांच्या खाली आला. आता आंबा बागायतदाराचे वर्ष पाहा. पैसा येतो एप्रिल-मेमध्ये, आणि मोहोराच्या फवारण्या, राखण, मजुरी यांचा खर्च दिवाळीनंतर सुरू होतो. तुडतुडे भाव चढायची वाट पाहत नाहीत. फवारणीचा पैसा असल्या ठिकाणी अडकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बुडाला तरी चूल अडणार नाही एवढाच कोणी घातला, तर त्याची हौस.

थिबा राजा १९१६ साली येथेच वारला. त्याची समाधीही शहरात आहे. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीसच येऊन राहिली, आणि तिचे दिवस गरिबीत गेले.