पोशीरच्या काठी

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ‘मानसोल्लास’ हे नाव वर्षातून एकदा तरी घ्यावेच लागते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा शके १०५१ मधला संस्कृत ग्रंथ. त्यात जुन्या मराठीतल्या काही ओळी सापडतात, म्हणून आम्ही तो विद्यार्थ्यांना सांगतो. आणि ओळी सांगून झाल्या की ग्रंथ मिटतो. परंतु त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांच्या आवडीचे खाद्य, गळाने मासा धरण्याची कला, असा सारा तपशील राजाने मोठ्या हौसेने त्यात नोंदवला आहे. गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे समजणाऱ्या मंडळींनी एवढे ध्यानात घ्यावे की, हा उद्योग आमच्याकडे जवळजवळ नऊशे वर्षे राजमान्य आहे!

भाषेनेही या उद्योगाचा सन्मान केलेला आहे. आपण एखाद्याला गळ घालतो, आमिष दाखवतो, कोणी ना कोणी आपल्या गळाला लागतो. पण गळाला पाण्यापर्यंत नेणारी आणि मासा लागला की त्याचा सारा ओढा स्वतःच्या अंगावर घेणारी जी काठी, तिच्या वाट्याला मराठीत एकही वाक्प्रचार आलेला नाही. या उपेक्षित काठीची खरी ओळख मला झाली ती कर्जत तालुक्यातल्या पोशीरला, गेल्या फाल्गुनात.

पोशीर मुंबईकरांना फारसे ठाऊक नाही, याचे कारण माथेरान. नेरळ स्टेशनवर उतरलेली बहुतेक मंडळी १९०७ साली सुरू झालेल्या त्या छोट्या गाडीकडे वळतात. आपण माथेरानकडे पाठ करायची आणि कळंबच्या रस्त्याला लागायचे. भातखाचरे, आंब्याची झाडे, मधूनच एखाद्या शहरी माणसाचे कुंपण घातलेले ‘फार्महाऊस’, असे करीत आपण पोशीरला येतो. मागे माथेरानचा डोंगर, पुढे भीमाशंकराकडची सह्याद्रीची निळी भिंत, आणि मध्ये गावाच्याच नावाची नदी.

ही नदी उल्हासला मिळते, आणि उल्हास पुढे बदलापूर, कल्याणवरून वसईच्या खाडीला जाते. पावसाळ्यात पोशीरचे रूप पाहावे! कर्जतकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. पहिल्या पुराबरोबर वलगण सुरू होते, म्हणजे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढू लागतात; ओढ्यांतून थेट भातखाचरांत शिरतात. दिवाळी झाली की पाणी निवळते, आणि फाल्गुनात नदी म्हणजे खडकांच्या माळेत ओवलेले चार-दोन डोह एवढीच उरते. या डोहांचा राजा मरळ.

मरळ हा मोठा विलक्षण मासा आहे. सापासारखे डोके, अंगावर काळपट पट्टे. पाण्यात राहून तो वरची हवाही घेतो, त्यामुळे बाजारात तो टोपलीत तासन् तास जिवंत दिसतो. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसावे आणि वरून बेडूक गेला की झडप घालावी, ही त्याची शिकारीची रीत. पिल्ले झाली की मात्र हाच दरोडेखोर त्यांची राखण करतो. तांबूस पिल्लांचा झुबका पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरतो आणि खाली आईबाप पहारा देतात.

अमेरिकेतल्या गोड्या पाण्यात ‘बास’ नावाचा मासा आहे. त्याचा मरळाशी नात्यागोत्याचा संबंध नाही, पण स्वभाव पुष्कळसा हाच. तेच दबा धरणे, तीच झडप, तीच पिल्लांची राखण. बास नाव लावणारा मासा आपल्या रायगडात शोधायचाच तर खारेपाटात जावे लागेल. पेण-अलिबागचा सुप्रसिद्ध जिताडा इंग्रजीत ‘एशियन सी-बास’ म्हणवतो. डॉ. जेम्स हेन्शल नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १८८१ साली गोड्या पाण्यातल्या बासवर एक जाडजूड पुस्तक लिहिले, आणि एका हाताने फेकता यावी अशी सव्वाआठ फुटांची आटोपशीर काठी त्या माशासाठी ठरवून दिली. तेव्हापासून तिकडे बासची काठी हे एक शास्त्रच होऊन बसले आहे. आज आपल्याकडचे हौशी लोक मरळासाठी त्याच घराण्यातल्या काठ्या वापरतात.

हे सारे मला सांगितले ते माझ्या भाच्याने. डोंबिवलीला त्याचे दोन खोल्यांचे घर आहे. दिवसा तो एका कारखान्यात इंजिनियर असतो आणि रविवारी काठ्या बांधतो. “मामा, अमेरिकेतल्या पहिल्या चांगल्या काठ्या कशाच्या होत्या सांगा पाहू?” त्याने मला विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता सांगून टाकले, “आपल्या बांबूच्या!”

गोष्ट खरी आहे. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा एक कारागीर होता. बंदुका दुरुस्त करायचा आणि फावल्या वेळात व्हायोलिन बनवायचा. त्याने बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून आणि पुन्हा एकमेकींना चिकटवून काठी केली. पुढे १८७० च्या दशकात हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांच्या काठ्यांचा कारखानाच काढला. हा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जाई, म्हणून त्याचे नाव ‘कलकत्ता केन’. नंतर चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली; १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातल्यावर काचतंतूचे दिवस आले, आणि १९७० च्या दशकापासून कार्बनचे. काठी अशी हलकी हलकी होत गेली. आमचा बांबू तेवढा विस्मरणात गेला.

बाजारात तयार काठ्या मिळत असताना हा घरी का बांधतो, हा प्रश्न माझ्या ताईने त्याला पूर्वी अनेकदा विचारला होता. गेल्या वर्षी मात्र तिने तो विचारला नाही.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, नोकरीत असल्यापासून सुट्टीला पोशीरला जात. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे परतले, पाय परतला. उजवा हात अर्धाच परतला. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू ते दिवसभर दाबीत बसत आणि भिंतीवरच्या आपल्या जुन्या काठीकडे चुकूनही पाहत नसत. भाच्याने एका रविवारी टेप आणली आणि शिंप्याने बाह्यांचे माप घ्यावे तसे वडिलांच्या कोपरापासून मनगटापर्यंत माप घेतले.

त्यानंतरचे दोन महिने मी त्या घरी जात-येत होतो. काठी कशी बांधतात ते मी पाहिले, आणि आता वाचकांनाही सांगतो. कार्बनची कोरी दांडी तयार आणायची. ती पोकळ असली तरी चहूबाजूंनी सारखी नसते. एका बाजूने किंचित ताठ असते. बुंधा जमिनीला टेकवून, शेंडा तळहातावर धरून, दांडी वाकवीत गोल फिरवली की एका जागी ती आपोआप उडी मारल्यासारखी वळते. तो तिचा कणा. कण्याचा विचार करून कड्या बसवल्या म्हणजे ओढ लागल्यावर काठी हातात पिळत नाही. मग कड्यांच्या जागा ठरवायच्या. दोरा काठीच्या बाकाला धरून चालला पाहिजे, म्हणून कड्या आधी नुसत्या चिकटपट्टीने लावायच्या, दोरा ओवून टोकाला वजन टांगायचे आणि बाक पाहायचा. ताईच्या स्वयंपाकघरातली किलोभर तुरीची डाळ पंधरवडाभर या कामी अडकली होती. जागा ठरल्या की प्रत्येक कडीचा पाय रेशमासारख्या दोऱ्याने गुंडाळायचा. वेढ्याला वेढा भिडलेला, मध्ये केसाइतकी फट नाही. त्यावर इपॉक्सीचा लेप द्यायचा आणि तो ओघळू नये म्हणून वाळेपर्यंत काठी सावकाश फिरवीत ठेवायची. त्यासाठी भाच्याने मोडक्या मायक्रोवेव्हमधली, आतली थाळी फिरवणारी मोटर काढून घेतली होती. रात्रभर ती काठी अंधारात गरगरत असे.

खरी बुद्धी त्याने मुठीत खर्च केली. मरळाला पाणवनस्पतींतून ओढून काढायला काठी ताठ लागते. पण ताठ काठीचा झटका दुबळे मनगट सोसणार नाही. तेव्हा शेंड्याला मऊ, बुंध्याला ताठ अशी दांडी त्याने निवडली. बुचाच्या लाकडाची मूठ नेहमीपेक्षा लांब, थेट कोपराखाली पोचेल एवढी केली आणि तिला हातावर गुंडाळायचा एक पट्टा लावला. ओढ आली तर ती बोटांनी नव्हे, सबंध हाताने घ्यायची. रीळ डाव्या हाताला. दुकानातली काठी ही तयार कपड्यासारखी असते. ती कोणाच्याच मापाची नसते, म्हणून सगळ्यांना चालते. भाऊजी आता त्या ‘सगळ्यां’त उरले नव्हते.

फाल्गुनातल्या एका पहाटे आम्ही तिघे पोशीरला गेलो. डोहावर भाऊजींचे जुने स्नेही भेटले. पलीकडच्या ठाकरवाडीतले, सत्तरीचे, सगळे त्यांना बुवा म्हणतात.

“साहेब, लई दिसांनी आलात,” एवढेच बुवा म्हणाले. हाताकडे त्यांनी पाहिले, पण विचारले काही नाही. मग त्यांनी नवी काठी मागितली. तिचा बुंधा खडकावर टेकवला, शेंडा तळहातावर घेतला आणि हलकेच वाकवून फिरवला.

“ताठ अंग हिकडं हाये नव्हं?” त्यांनी भाच्याला विचारले.

भाचा पाहतच राहिला. डोंबिवलीला दारे लावून तो जे करीत होता, ते बुवा बांबूवर जन्मभर करीत आले होते.

बुवांची स्वतःची काठी माझ्या दुप्पट उंच. असे का, म्हणून मी विचारले. “मास्तर, कडंचं गवत वलांडून गळ पाण्यात पडाया नको का? डोह बघून काठी तोडायची,” ते म्हणाले. पाऊस संपला की अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडायचा, म्हणजे कीड लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा. सावलीत वाळवायचा, विस्तवावर धरून सरळ करायचा, तेल पाजायचे. दोरा नुसता शेंड्याला बांधायचा नाही. काठीवरून खाली बुंध्यापर्यंत आणून बांधायचा, म्हणजे शेंडा मोडला तरी मासा जात नाही. शास्त्राच्या पुस्तकात हे सगळे चित्रांसह असेल. बुवांपाशी ते बोटांत आहे.

नऊच्या सुमारास भाऊजींच्या काठीचा शेंडा खाली गेला. पुढची दोन-तीन मिनिटे कोणी बोलले नाही. काठीला सुरेख बाक आला, तो हळूहळू बुंध्याकडे उतरला आणि कोपराखालच्या मुठीपाशी थांबला. उजव्या हाताची बोटे धड मिटलेलीही नव्हती. पण हात हलला नाही. डाव्या हाताने ते रीळ फिरवीत होते. बुवा गुडघाभर पाण्यात उतरले आणि किलोभराचा एक काळा, चिडलेला मरळ त्यांनी काठावर आणला.

भाऊजी खडकावर बसले. बराच वेळ त्यांनी पट्टा सोडला नाही. मग म्हणाले, “आज हात कामाला आला.”

बुवांनी मासा पानांत गुंडाळून भाच्याच्या हाती दिला. “आजारातून उठल्याला मरळ चांगला. फाल्गुनात चालतंय. वलगणीत मी मारीत नाय. मायबाप मारले तर पिल्लं कुनी राखायची?”

बुवांची ही समज ज्या डोहांवर पोसली, ते डोह मात्र आहेत तसे राहणार नाहीत. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने पोशीर प्रकल्पाला मान्यता दिली आहे. कर्जत तालुक्यातल्या कुरुंग येथे सुमारे ६,३९४ कोटी रुपये खर्चाचे धरण व्हायचे आहे. त्यात बारा अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठेल आणि ते मुख्यतः मुंबईभोवतीच्या वाढत्या शहरांची तहान भागवील. ती तहान खोटी नाही. डोंबिवलीला उन्हाळ्यात ताई हंडे-कळशा भरून ठेवते, ते मी पाहतोच. पण धरण म्हटले की काही घरे उठणे आले, आणि वाहत्या नदीचा तलाव होणे आले. वलगणीचा मासा भिंतीशी येऊन थांबेल. तलावात कटला, रोहू वाढतील. त्यांचे पाणी वेगळे, त्यांची काठी वेगळी. हाताचे माप टेपने घेता येते. पाण्याचे माप ज्या माणसाच्या अंगात मुरले आहे, त्याला नवे पाणी मिळून उपयोग काय?

निघताना भाच्याने बुवांकडे एक मागणी केली. त्याला इथल्या बांबूची एक काठी बांधायची होती, वडिलांच्याच मापाची. बुवांनी भाऊजींचा उजवा हात आपल्या हातात घेतला, वितीने कोपरापर्यंत मोजला आणि मान हलवली.

“आता न्हाय. आता तोडला तर किडंल. दिवाळीच्या अंधारात या.”

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा अश्विनातला अंधारा पंधरवडा चालू असेल. ताईने फराळाचा एक डबा वेगळा काढून ठेवला आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही पोशीरला जाणार आहोत, बांबू तोडायला.