पासंग

'पासंग' हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो, तेव्हा मुलांना तो उर्दू आहे की मराठी, हे सांगता येत नाही. तो दोन्हींचा आहे. तराजूची दोन पारडी सारखी नसतील, तर हलक्या बाजूला बांधतात तो पासंग.

आमचे दादा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस बाजारात मापारी होते. आपल्या वऱ्हाडाला या कामाचा मोठा इतिहास आहे. शेजारच्या कारंजा येथे 1886 मध्ये देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला आणि मापाऱ्याला परवाना लागू लागला. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, त्याची व्यवस्था नीट लागावी म्हणून हे झाले. बाजार समितीत व्यापारी बसले. बंडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला तिथे जागा नव्हती. त्याच्या वाट्याला उरला तो मापाऱ्याचा हात.

पुढे मण-शेर गेले, 1960 च्या सुमारास क्विंटल-किलो आले. 1963 मध्ये महाराष्ट्राने बाजार समित्यांचा नवा कायदा केला. वजने बदलली, हात तोच राहिला. दादा सांगत, काटा स्थिर होण्याआधी दांडीला बोट लागले की शेतकऱ्याचा कापूस कमी भरतो. हे त्यांना कसे ठाऊक, असे आम्ही कधी विचारले नाही.

शेवटच्या आजारात त्यांनी स्वतःच सांगितले. फुफीच्या लग्नाच्या वर्षी, व्यापाऱ्याच्या इशाऱ्यावरून, त्यांनी एका शेतकऱ्याची बंडी कमी तोलली होती. कुरआनात माप मारणाऱ्यांच्या नावाने एक आख्खी सूरह आहे. मदयनवाल्यांना हजरत शुऐब यांनी याच गुन्ह्यापासून रोखले होते. दादा रडत म्हणाले, "नमाज चुकली तर अल्लाह माफ करील. पण हे हुकूकुल इबाद आहे. ज्याचे घेतले, त्यानेच माफ केले पाहिजे."

दादांच्या इंतकालानंतर अब्बा आम्हाला घेऊन त्या गावी गेले. शेतकरी केव्हाच वारले होते. त्यांच्या म्हाताऱ्या बायकोपुढे अब्बांनी पैशाचे पाकीट ठेवले आणि सगळे सांगितले. बाईंनी पाकिटाकडे पाहिले नाही. त्या म्हणाल्या, "किती कमी भरला होता जी कापूस?"

अब्बांना उत्तर देता आले नाही. दादांनी तो आकडा सांगितलाच नव्हता. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. बाईंनी चहा दिला. पाकीट ठेवून घेतले की नाही, हे आम्हाला आज आठवत नाही. माफ केले, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

आता इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, लाल आकडे दुरून दिसतात. तरी पाचवीच्या वर्गात वजनाचा धडा आला की आम्ही जुना तराजू घेऊन जातो. मुलांना सांगतो, दांडी स्थिर होईपर्यंत हात दूर ठेवा.