डोंगराचं वाळवण

कार्तिकात डोंगर उतरून आलेल्या माणसाचे मोजे एका बैठकीत स्वच्छ होत नाहीत. कुसळी गवत तोवर वाळून तांबूस झालेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यांत, बुटाच्या जिभेत, पँटच्या शिवणीत घुसून बसलेली असतात. या कुसळाची घडण निरखून पाहावी अशी आहे. पुढे टोकदार बी, टोकालगत मागे वळलेली राठ लव आणि मागे पीळ बसलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा आवळतो. या फिरण्यातून बी मातीत शिरत जातं. मोजा आणि माती यांत त्याला फरक कळत नाही. म्हणून असे मोजे आल्या आल्या बादलीत बुडवू नयेत. पाण्यात कुसळ फिरतं आणि आणखी खोल जातं. कोरड्या मोज्यातून एकेक निवडायचं, आणि ज्या दिशेने ते शिरलं त्याच दिशेने पुढे ओढून काढायचं. उलटं ओढलं की लव अडते, शेपटी हातात येते आणि टोक आतच राहतं.

मला हे काम मनापासून आवडतं. रविवारी रात्री पोटऱ्या भरून आलेल्या असतात, डोळे मिटत असतात, तरी वर्तमानपत्र पसरून कुसळं निवडत बसलं की ट्रेक अजून संपलेला नाही असं वाटत राहतं. निवडलेली कुसळं मी कागदात बांधून टाकतो, खिडकीबाहेर झटकत नाही. बुटांच्या खाचांतला चिखलही घराकडे निघण्याआधी, पायथ्याच्या गावातच काडीने उकरून टाकतो. त्या चिखलात बिया असतात. रानमोडी मूळची अमेरिकेची. आज सह्याद्रीच्या कित्येक वाटांच्या दोन्ही कडांना तिचंच रान माजलेलं आहे. तिचं बी हलकं, वाऱ्यावर उडणारं आणि कपड्यांना चिकटणारंही. वाटेवरून जाणारा प्रत्येक माणूस तिचा वाहक होऊ शकतो. एका डोंगराची माती बुटांना तशीच ठेवून पुढच्या रविवारी दुसऱ्या डोंगरावर, त्यातही कासच्या पठारासारख्या नाजूक जागी जाणं मला पटत नाही. कासचा कातळ इंचा-दोन इंचांच्या मातीवर सगळी फुलं पोसतो. तिथे परक्या बियाला पाय देऊ नये.

मग बूट. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकून बूट कळत नाही. खरेदीला संध्याकाळी जावं, दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजलेले असताना. डोंगरावर ते तसेच सुजणार असतात. जाताना ट्रेकचे जाड मोजे बरोबर न्यावेत. आणि बूट पारखावा तो उतारावर. चढावर बहुतेक सगळे बूट बरे वाटतात. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला दम लागतो, पण बोटं शाबूत राहतात. तीच वाट उतरणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पावलागणिक बुटाच्या टोकावर आदळतं आणि आठवड्याभरात काळं पडतं. म्हणून दुकानात उतरता पाट असेल तर त्यावर, नसेल तर जिन्यावर बूट घालून उतरून बघावं. बोटं पुढे सरकली तर तो बूट कितीही देखणा असो, परत खोक्यात ठेवावा. दुकानातला मुलगा कंटाळला तरी चालेल. पुढची काही वर्षं तो नाही, आपण त्या बुटात उभे राहणार असतो.

सोलचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण सह्याद्री वर्षातून दोनदा स्वभाव बदलतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर साचून हा बेसॉल्ट झाला. कडा, मग पदर, पुन्हा कडा ही त्याची पायऱ्यापायऱ्यांची ठेवण त्या थरांमुळेच आहे. हिवाळ्यात हा कातळ इतका खरखरीत असतो की साधा रबरी सोलही त्याला धरून राहतो. घात होतो तो घसाऱ्यावर, मुरमाच्या सैल खड्यांवर, जिथे खोल खाचांचा सोल लागतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्याच कातळावर शेवाळाचा पातळ थर चढतो आणि खोल खाचा तिथे फारशा उपयोगी पडत नाहीत. ओल्या दगडावर रबर जितकं मऊ आणि जितकं जास्त टेकेल तितकं बरं. पण मऊ रबर लवकर झिजतं. सगळीकडे पुरा पडणारा सोल नसतो. आमच्या आधीच्या पिढीने कॅनव्हासच्या हंटर शूजवर निम्मा सह्याद्री पालथा घातला. नंतर ॲक्शनचा ट्रेकिंग बूट आला, कमी पैशांत चांगली पकड देणारा, आणि कॉलेजच्या मुलांचे पाय डोंगराला लागले. या स्वस्त बुटांचं ऋण मोठं आहे.

या खाचांच्या सोलमागे एक दुःख आहे. 1935 साली इटालियन आल्प्समधल्या पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक गेले. त्या काळी बर्फावर आणि वाटेवर खिळ्यांचे जड बूट घालत, आणि कातळावर चढताना ते खाली ठेवून हलके, पातळ तळाचे जोडे चढवत. हवामान फिरलं तेव्हा ते हलके जोडे ना थंडी अडवू शकले, ना बर्फावर टिकू शकले. त्यांचा सोबती विताले ब्रामानी वाचला आणि घरी जाऊन कातळ, बर्फ, चिखल या सगळ्यांवर चालेल असा एकच सोल करण्याच्या मागे लागला. टायर बनवणाऱ्या पिरेल्लीची त्याला मदत मिळाली, आणि 1937 मध्ये खाचांचा रबरी सोल तयार झाला. त्याच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून झालेला व्हिब्रम हा शब्द आज सोलखालच्या पिवळ्या अष्टकोनात दिसतो. 1954 मध्ये इटालियन पथक के-टूवर पोचलं ते याच सोलवर. बुटाच्या खाचांतली माती काढताना मला ते सहाजण आठवतात. खाचा मातीने बुजल्या की सोल सपाट होतो आणि त्यांच्यापायी झालेला सगळा विचार वाया जातो.

बूट धुवावा साध्या पाण्याने, मऊ ब्रशने. आतली पॅडं आणि नाड्या वेगळ्या काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, दोन-तीनदा बोळे बदलून सावलीत वाळवावा. मुक्कामाच्या घरी मावशी प्रेमाने म्हणतात, "ठेव की चुलीपाशी, पहाटेपर्यंत खडखडीत वाळतील." त्यांचा आग्रह मोडवत नाही, पण चुलीच्या धगीने सोलचा गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. अशा वेळी मी बूट चुलीपासून लांब, पडवीत, कोरड्या गवतावर ठेवतो.

आणि तरीही बूट मरतो, तो बहुतेकदा डोंगरावर नाही, कपाटात. बाहेरच्या रबराच्या आणि पायाच्या मधे जो मऊ थर असतो तो पुष्कळ बुटांत पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प त्याच्या रेणूंचे बंध हळूहळू तोडत राहतं. कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावरच्या गावांत चार महिने हवा ओलीच. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेल्या बुटाचं हे तुटणं आणखी वाढतं. वरून बूट नवा दिसतो. खोलून घातला, दोन तास चाललं, की पूर्ण सोल जिभेसारखा लोंबायला लागतो आणि आतून भुगा गळतो. रतनगडाच्या उतारावर एका सोबत्याच्या दोन्ही बुटांचं असं झालं. त्याने ते वर्षातून एकदाच, फक्त मोठ्या ट्रेकसाठी म्हणून जपून ठेवले होते. सुतळीने बांधत बांधत तो रतनवाडीपर्यंत आला. परत आल्यावर स्टेशनजवळ गटईकाम करणाऱ्या काकांकडे मी त्याच्याबरोबर गेलो. त्यांनी अंगठ्याने तो मधला थर दाबला, बोट आत गेलं.

"काका, चिकटवून नाही चालणार?"

"चिकटवायला खाली काही धरायला पाहिजे ना. हे आतून संपलंय. रोज घातला असता तर असं इतक्यात नसतं झालं." मग माझ्या बुटांकडे पाहून म्हणाले, "तुमचे चांगले आहेत, पण सोल्यूशनच्या भरवशावर राहू नका. पावसाच्या आधी चारी बाजूंनी शिवून घ्या."

त्यांनी आरीने भोकं पाडत, मेणाचा दोरा ओढत माझे बूट शिवून दिले. तेव्हापासून नवा बूट घेतला की मी आधी त्यांच्याकडे नेतो. आणि ट्रेक नसलेल्या आठवड्यातही बूट घालून बाजारात, टेकडीवर जातो. जपून ठेवणं म्हणजे बंद करून ठेवणं नव्हे, हे मला त्यांच्या टपरीवर नीट उमगलं.

पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट घ्यावा का, असं नवी मुलं विचारतात. माझं उत्तर सह्याद्रीपुरतं तरी नाही असं आहे. इथे ओढे गुडघ्याइतके असतात. पाणी वरून आत शिरतं आणि मग तो बूट ते बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पाय पाण्यात. जाळीचा साधा बूट भिजतो तसा निथळतोही. पाणी अडवून घाम बाहेर सोडणाऱ्या जॅकेटांबद्दलही माझं मत काहीसं असंच आहे. 1969 मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटकन ताणला आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा हाती आला. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. ही करामत थोर आहे. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. जुलैत ताम्हिणीत बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असते, वाफ जाणार कुठे? हिमालयात हेच जॅकेट सोन्याच्या मोलाचं. ज्याच्याकडे आहे त्याने ते सौम्य साबणाने धुवावं, कपडे मऊ करणारं द्रव्य त्याला लावू नये, आणि कापडावरून थेंब घरंगळेनासे झाले की लेबलावर परवानगी असेल तर मंद उष्णता द्यावी. सॅकच्या कव्हरवरही भिस्त ठेवू नये. वरचं कव्हर पाठीकडून ओघळणारं पाणी थांबवत नाही. कपडे आणि स्लीपिंग बॅग आत जाड प्लास्टिकच्या पिशवीतच बांधलेली हवी.

या पावसाचं सर्वांत जुनं आणि माझ्या मते सर्वांत शहाणं वस्त्र म्हणजे घोंगडी. घाटमाथ्यावर धुक्यातून घोंगडीची खोळ घेतलेला गुराखी समोर येतो तेव्हा तो कित्येक तास त्या पावसात उभा असतो आणि कुडकुडत नसतो. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, पट्टे विणून मधोमध शिवलेली आणि वर चिंचोक्याची खळ दिलेली. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं बाष्प तंतूंच्या आत सामावून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही; तंतूंच्या कुरळेपणात अडकलेली हवा ऊब टिकवते. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून पावसात जीन्स आणि सुती बनियन नको असं आपण सांगतो. घोंगडी भिजली तरी पाठीशी उभी राहते. ती जड आहे, हे खरं. पण ती याच डोंगराची आहे: मेंढ्या त्याच रानात चरतात, तिथलीच कुसळं त्यांच्या लोकरीत अडकतात, आणि लोकर हाताळणाऱ्यांना तीही निवडावी लागतात. माझ्या घरी एक घोंगडी आहे. ऐन पावसात उघडीप मिळाली की तिला ऊन दाखवतो आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालून घडी करतो.

त्या उघडिपीच्या दिवशी आमच्या गॅलरीत कुरडया-पापड पसरावेत तसं सगळं मांडलेलं असतं. स्लीपिंग बॅग पिशवीतून काढून मोकळी, कारण दाबून ठेवली तर तिचा फुगारा कायमचा जातो. टॉर्चमधले सेल काढून बाजूला. तंबूचं बाहेरचं कापड उलटं करून, चिकटपणा आला आहे का हे बोटांनी चाचपून. सॅकच्या चेनवर जुन्या टूथब्रशने माती झाडून मेणबत्तीचा हात. घरातल्यांना दाराशी जायला अंग चोरावं लागतं, पण आता त्यांनाही सवय झाली आहे.

रोप मात्र उन्हात नाही. नायलॉनला ऊन खातं. लिंगाण्यासाठी, अलंग-मदन-कुलंगसाठी ग्रुपचा जो सामायिक रोप असतो तो धुऊन आणला की बंद खोलीत, पंख्याखाली, सैल वेटोळ्यांत पसरतो. या रोपची रचना 1953 मध्ये जर्मनीतल्या एडेलरिडने आणली. आत समांतर धाग्यांचा गाभा, वर विणलेलं आवरण. भार बहुतांशी गाभा पेलतो, आणि गाभा दिसत नाही. रोपवर पाय पडला की एखादा खडा आवरणातून आत जातो आणि प्रत्येक ताणाबरोबर आतले धागे कापत राहतो. म्हणून आमच्यात चुकून पाय लागला तर रोपला हात लावून तो कपाळाला लावतात, आणि मग तो भाग दोन बोटांत धरून तपासतात. धुतल्यावर मी असाच इंचाइंचाने अख्खा रोप बोटांतून नेतो, डोळे मिटून. कुठे मऊ लागला, कुठे दबका लागला, कुठे फुगीर, की तिथे चिकटपट्टीची खूण. बॅटरीच्या आम्लाचा वासही जवळ येऊ देत नाही.

कितीही जपला तरी रोपचं वय असतं. एकदाही न वापरलेला रोपही दहा वर्षांनंतर वापरू नये असं बनवणारेच सांगतात. मोठी पडझड झेललेला तर त्याच दिवशी निवृत्त. असा रोप तसाच कोपऱ्यात ठेवता येत नाही, कुणीतरी नवखा उचलून कड्यावर नेईल. आम्ही तो कापतो. सगळे जमतात, ज्याने त्यावर पहिली चढाई केली त्याच्या हाती सुरी देतात, आणि वाव-दीड वावाचे तुकडे करून टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करतात. दोन तुकडे पायथ्याच्या गावात गुरांच्या दाव्यासाठी जातात. उरलेले नव्या मुलांना. पावसाळाभर ती मुलं लोकलमध्ये, कट्ट्यावर, अभ्यासाच्या टेबलाखाली त्यावर आठाची गाठ मारतात आणि सोडतात. ऑक्टोबरात त्यांची परीक्षा होते: पाठीमागे हात, डोळ्यांवर रुमाल, आणि गाठ बिनचूक. जमली की मग नव्या रोपच्या टोकाला खरेदीची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवण्याचं काम त्यांच्याकडे येतं.