चाचणीची तारीख मिळत नाही? मग हे वाचा

मैत्रिणींनो, क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे आपण पंधरा दिवसांत शिकतो. खरा घाम फुटतो तो पक्क्या लायसन्सच्या चाचणीची तारीख घेताना! घरातले म्हणतात, “एजंटाला दे, तू कशाला डोकं घालतेस?” पण चार खाचाखोचा ठाऊक असल्या, तर हे काम भाजी निवडता निवडता होण्यासारखं आहे बरं का.

मला लायसन्स हौसेखातर नको होतं. सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. हे फिरतीवर, मुलगा पुण्याला. दारात गाडी उभी, आणि मी पहाटे साडेपाचला रिक्षासाठी कोपऱ्यावर! शिकाऊ लायसन्स हातात होतं, पण त्यावर एकटीनं गाडी नेता येत नाही. शेजारी लायसन्सवाला माणूस बसावा लागतो. तेव्हा चाचणी लवकर होणं हीच निकड होती.

आता पहिली गोष्ट, मुदतीची. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही. म्हणजे हातात उरतात पाचच महिने. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, दिवाळी यांत ते कसे सरतात, ते तुम्हाला मी का सांगायला हवं? तिसावा दिवस कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहून ठेवा.

दुसरी अडचण आमच्या शेजारच्या वहिनींना आली. ‘सारथी’ संकेतस्थळावर तारीख घ्यायला बसल्या, तर अर्ज क्रमांक काही केल्या चालेना. कारण साधं होतं. तो क्रमांक शिकाऊ लायसन्सच्या अर्जाचा! पक्क्या लायसन्ससाठी नवा अर्ज करावा लागतो. त्यात शिकाऊ लायसन्सचा क्रमांक नि जन्मतारीख घालायची, म्हणजे नवा अर्ज क्रमांक मिळतो. मग शुल्क भरायचं आणि नंतर तारीख. आधी फोडणी, मग भाजी. क्रम चुकला की अडलंच. दुचाकी आणि चारचाकी दोन्ही मागितल्या असतील, तर दोन्हींसमोर खूण झाली ना, तेही पाहा.

पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही, तर घाबरून लगेच पुन्हा भरू नका. शुल्काच्या विभागात भरणा तपासण्याची सोय असते. अर्ज क्रमांक घालून आधी तिथे पाहा. बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक वहीत टिपून ठेवा. विचारायला जावं लागलं, तर तोच कामी येतो.

आणि सगळ्या तारखा भरलेल्या दिसल्या तर? हे माझ्या वाट्याला आलं. शिकाऊ लायसन्सचे तीन आठवडे उरलेले आणि एकही जागा नाही! पण लोक तारखा रद्द करतात, आणि तीच जागा पुन्हा मोकळी होते. मी रोज सकाळी कुकर लावला की पाहायची नि रात्री ओटा पुसून झाला की पुन्हा. सहाव्या दिवशी एक जागा दिसली. पण ओटीपी गेला ह्यांच्या मोबाइलवर! अर्ज भरताना घरच्या रिवाजाप्रमाणे ह्यांचाच नंबर लागला होता. हे आगगाडीत, फोन लागेना; तेवढ्यात जागा गेली.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझा फोन आहे ना? मग तुझ्या कामाचे निरोप त्याच्याकडे कशाला?” मी काय बोलणार! अर्जातला मोबाइल क्रमांक बदलण्याची सोय आहे, ती वापरून माझा नंबर घातला. आधारला जोडलेला नंबर बदलायचा, तर मात्र ते काम आधारकडे वेगळं करावं लागतं. चार दिवसांनी पुन्हा जागा दिसली. ओटीपी माझ्याच हातात वाजला आणि तारीख पक्की झाली.

जाण्याआधी आणखी थोडं. चाळिशी उलटली असेल, तर डॉक्टरांचा नमुना 1-अ चा दाखला लागतो. लग्नानंतरचं नाव एका कागदावर नि माहेरचं दुसऱ्यावर असेल, तर ते अर्जाआधीच एकसारखं करून घ्या. चाचणीच्या दिवशी शिकाऊ लायसन्स, तारखेची पावती आणि ज्या गाडीवर चाचणी द्यायची तिची नोंदणी, विमा नि पीयूसीचे कागद जवळ असू द्या. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची असली, तरी कागद आदल्या दिवशीच विचारा.

आणि समजा नापास झालात, तर रडायचं काय त्यात? सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. मात्र तीनदा नापास झालं, तर साठ दिवस थांबावं लागतं. म्हणून मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका.

मी पहिल्या खेपेला पास झाले. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार सासूबाई पुढच्या सीटवर बसतात आणि गिअर बदलला की “हळू गं” म्हणतात. तुम्ही आज एवढंच करा, दुपारी सवड झाली की आपल्या अर्जात नंबर कुणाचा आहे, तेवढं बघून घ्या.