टिळकवाडीतील एक बिऱ्हाड

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर वसलेले आहे. पावसाळ्यात येथे दिवसचे दिवस सूर्यदर्शन घडत नाही. खानापूर रस्त्याने उद्यमबागेकडे निघाले, म्हणजे टिळकवाडीचा भाग लागतो. रेल्वेची फाटके, जुने बंगले आणि विद्यार्थ्यांच्या खानावळी. येथे महाविद्यालये पूर्वीपासून होतीच. १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठही याच शहरात स्थापन झाले. चंदगड, खानापूर, सत्तरी अशा भागांतील मुले शिक्षणासाठी येतात आणि सहा-आठ जण मिळून एखाद्या बंगल्याची मागची बाजू भाड्याने घेतात.

अशाच एका बिऱ्हाडी गेल्या पावसाळ्यात जाण्याचा योग आला. ओसरीवर ओल्या छत्र्या, आत दोन खोल्या व स्वयंपाकघर. भिंतीवरच्या कागदावर दूध, गॅस, वीज यांचा हिशेब, आणि सर्वांत खाली इंटरनेटची वर्गणी. मुले आठ, जोडणी एक! रस्त्यावरून आलेली तार राउटर नावाच्या लहानशा पेटीत शिरते. तेथून पुढे सारा व्यवहार बिनतारी.

हे घडते कसे, असे वाचक विचारतील. आपल्या घरचा रेडिओ केवळ ऐकतो. येथे प्रत्येक मोबाईल ऐकतो आणि बोलतोही. परंतु लहरींचा मार्ग सर्वांना मिळून एकच असतो. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते. दुसरे बोलत असेल तर थांबते, आणि निरोप पोहोचला नाही तर थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा पाठविते. या रीतीचा एक पूर्वज हवाई बेटांवरचा. तेथील विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली समुद्रापलीकडच्या बेटांशी बिनतारी संगणक-संबंध जोडला. टक्कर झाली तर थांबून पुन्हा पाठवावे, हा नियम त्यांनीच रूढ केला. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले.

यंत्रांना हा शिष्टाचार उपजत असतो. माणसांना तो ठरवावा लागतो. प्रारंभी पेटी पुढच्या खोलीत होती. दगडी भिंत जाड. मागच्या खोलीतील चंदगडच्या मुलाला वर्गणी भरूनही काही मिळेना. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची रात्र आली. पुढच्या खोलीत दोघे चित्रपट उतरवून घेत होते, आणि त्याचा अर्ज अर्ध्यावर अडकून पडला. अखेर ओसरीवर भिजत उभे राहून त्याने तो पाठविला. वर्षाची फी त्या अर्जावर अवलंबून होती.

दुसऱ्या दिवशी सर्वांची बैठक भरली. पेटी मधल्या वाटेत, उंच फळीवर ठेवण्यात आली. जवळच्यांनी वेगवान पण भिंतीपाशी थकणारी ५ गिगाहर्ट्झची लहर वापरावी, मागच्यांनी दूरवर पोहोचणारी २.४ ची, असे ठरले. चित्रपट रात्री अकरानंतर. अर्ज व परीक्षा यांना केव्हाही अग्रमान. पासवर्ड बाहेर कोणास द्यावयाचा नाही, कारण जोडणी ज्याच्या नावावर, तिच्या वापराबद्दल पहिली विचारपूस त्याच्याकडेच होते.

जोडणीची गती सेकंदाला १०० मेगाबिट असली, तरी आठही जणांनी एकदम ओढ घेतल्यास प्रत्येकाच्या वाट्यास साडेबाराच येतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. एका पाटाचे पाणी आठ वाफ्यांना देणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हे गणित नवे नाही. वरच्या वाफ्याचा धनी आडदांड निघाला, तर खालचे पीक वाळते.

मुलाची खोली पाहण्यास शहरात जाल, तेव्हा भाडे व पाणी यांची चौकशी कराच. त्याबरोबर ती पेटी कोठे ठेवली आहे आणि सर्वांत आतल्या खोलीत कोण राहतो, हेही विचारा.