बीएच्या वर्गात कॉस्टिंग

मी अकाउंटन्सी आणि कॉस्टिंग शिकवतो. बरीच वर्षं फक्त बी.कॉम.चे वर्ग घेतले. नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून बी.ए.च्या मुलांनाही मायनर म्हणून वाणिज्य शिकवतो. मराठी, इतिहास, मानसशास्त्र असं ज्यांचं मेजर आहे, अशी ही मुलं. प्रवेशाच्या दिवसांत त्यांचे आईवडील भेटतात तेव्हा बोलणं बहुतेक एकाच वळणावर येतं : "सर, तिला आवड आहे म्हणून आर्ट्सला घातलं, पण सोबत कॉमर्सचं काही असलं की पुढे नोकरीला बरं पडेल." ही काळजी खरी आहे आणि मी ती हलकी लेखत नाही. पण वाणिज्याकडे बी.ए.ला जोडलेला विमा म्हणून पाहिलं की दोन्हीकडून नुकसान होतं. ते नीट शिकवलं तर मुलीचं मराठी किंवा तिचा इतिहासच अधिक धारदार होतो. पातळ करून शिकवलं तर ते नोकरीलाही उपयोगी पडत नाही.

आधी नियम सांगतो, कारण पालकांना तो कुणी धड सांगत नाही. राज्य शासनाने एप्रिल २०२३ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला. २०२३-२४ पासून तो स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत सुरू झाला. त्यात मेजरच्या जोडीला १८ ते २० क्रेडिटचा मायनर असतो. हा मायनर आपल्याच विद्याशाखेतला घेता येतो, तसाच दुसऱ्या शाखेतलाही. ओपन इलेक्टिव्ह, ज्याला सगळे ओई म्हणतात, ते मात्र दुसऱ्या शाखेतलंच घ्यावं लागतं. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरले तर २० क्रेडिटचे ३०० तास होतात. एवढ्या तासांत दुहेरी नोंद पद्धत, कॉस्टिंग आणि करार कायदा नीट शिकवून होतो, करांचीही ओळख होते.

प्रत्यक्षात मात्र इतिहास मेजर असेल तर राज्यशास्त्र मायनर, मराठी असेल तर हिंदी, अशी सोय लावली जाते. प्रत्येक विभागाला आपला वर्कलोड टिकवायचा असतो, आणि अनेक ठिकाणी एका शाखेचे वर्ग सकाळी तर दुसरीचे दुपारी भरतात. शासन निर्णयात असलेली मोकळीक टाइमटेबलात संपते. वाणिज्य मग ओईच्या वाट्याला येतं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. मार्केटिंगची तत्त्वं, उद्योजकतेची ओळख, असल्या नावांचे पेपर असतात. व्याख्या पाठ करायच्या आणि लिहून यायचं. एकही जर्नल एंट्री नाही, एकही ट्रायल बॅलन्स नाही. आर्ट्सच्या मुलांना आकडे झेपणार नाहीत, असं गृहीत धरून हे केलं जातं आणि मला त्याचा राग येतो. ट्रायल बॅलन्स जुळत नाही तेव्हा चूक शोधत मागे-मागे जाण्यात जे शिक्षण आहे, त्यावर या मुलांचाही तितकाच हक्क आहे.

पुस्तकाचं उदाहरण मी दर वर्षी घेतो. समजा, एका कथासंग्रहाची ५०० प्रतींची आवृत्ती काढायची आहे. किंमत ३०० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के कमिशन दिलं की प्रकाशकाच्या हाती १८० रुपये येतात. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे ३०, उरले १५०. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीमागे ८० रुपये. (छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे छपाईवर आणि कागदावर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही, तोही या ८० मध्येच आला.) राहिले ७०. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च २८,००० रुपये. प्रती कितीही काढा, तो तेवढाच. मग 'ना नफा ना तोटा' कुठे? बी.कॉम.ची मुलं लगेच सांगतात : २८,००० भागिले ७०, म्हणजे ४०० प्रती.

मायनरच्या वर्गात मराठी मेजरची एक मुलगी या उत्तराशी अडली. "सर, मग न खपलेल्या शंभर प्रतींचा कागद फुकट आला का?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मुद्रकाने ५०० प्रती एकदम छापल्या, त्याचं ४०,००० रुपयांचं बिल पुस्तक दुकानात पोचण्याआधीच उभं राहिलं. म्हणजे एकूण ६८,००० रुपये गुंतले आणि खपलेल्या प्रत्येक प्रतीमागे १५० परत येणार. ४५४ प्रती खपल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. मग तिनेच भेटप्रती वजा केल्या : लेखकाच्या, परीक्षणाला पाठवायच्या, पुरस्कारांसाठी द्यायच्या. त्या ५० धरल्या तर विकायला उरतात ४५०. त्या सगळ्या खपल्या तरी आले ६७,५००. आवृत्ती संपली आणि प्रकाशकाला ५०० रुपयांचा तोटा. पुढे दुसरी आवृत्ती तेवढीच काढली, तर वरचा २८,०००चा खर्च पुन्हा पडत नाही आणि २६७ प्रतींतच छपाईचे पैसे सुटतात. चांगली पुस्तकं पहिल्या आवृत्तीनंतर का अडकतात आणि पुनर्मुद्रणाची यादी प्रकाशकाला का प्रिय असते, हे त्या वर्गाला एका तासात कळलं.

सूत्र खोटं नव्हतं. बदलता खर्च विक्रीबरोबर बदलतो, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. पुस्तकाच्या धंद्यात तो छपाईबरोबर बदलतो. बी.कॉम.चा विद्यार्थी पाच सेमिस्टर ते सूत्र वापरून इतका सरावतो की गृहीतकाकडे त्याचं लक्षच जात नाही. साहित्याचा विद्यार्थी मजकूर वाचताना सतत विचारतो की हे कोण बोलतंय आणि काय धरून चाललंय. ती सवय तो आकड्यांपाशीही घेऊन येतो. म्हणून माझा आग्रह असतो की वाणिज्याच्या वर्गात बी.ए.ची मुलं वेगळी बसवू नयेत. त्यांच्या असण्याने माझे बी.कॉम.चे विद्यार्थी अधिक चांगलं कॉस्टिंग शिकतात.

करारांच्या तासाला हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. मी लेखक-प्रकाशक कराराचा एक नमुना देतो, मुद्दाम अर्धवट ठेवलेला. वाणिज्याची मुलं थेट रॉयल्टीच्या टक्क्यावर जातात. मराठीची मुलं 'सर्व हक्क' या शब्दांपाशी थांबतात आणि कुठले सर्व, असं विचारतात : अनुवादाचे? ऑडिओबुकचे? मालिकेचे? मग मी १९५७चा कॉपीराइट कायदा काढतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कलम १९ सांगतं की किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल तर मुदत पाच वर्षं धरायची, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरायचं. घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही ठरलं नसल्यास तो संपुष्टात येतो. लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे आज केलेली सही नातवंडांनाही लागू होते. वीस वर्षांच्या मुलीला हे ठाऊक असेल तर ती कादंबरी लिहो किंवा प्रकाशन संस्थेत नोकरी करो, ती कुणाच्या भरवशावर राहणार नाही.

आपल्याकडे हे दोन्ही प्रांत इतके परके कधीच नव्हते. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात, १९१३ साली स्थापन झालेल्या वाणिज्याच्या त्या आद्य संस्थेत, १९१८ पासून अर्थशास्त्र शिकवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि त्यांची मुंबई विद्यापीठाची पदवी बी.ए.ची होती. शंकरराव किर्लोस्करांचं उदाहरण मला आणखी जवळचं वाटतं. ते चित्रकला शिकलेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात त्यांनी जाहिरातीचं काम अंगावर घेतलं आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर आणि चरक घेणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत पोचायला निघालेलं ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये त्याला 'स्त्री'ची जोड मिळाली आणि मराठी मध्यमवर्गाचं वाचन या मासिकांनी घडवलं. चित्रकाराची नजर आणि विक्रीचं भान एका माणसात नांदलं, म्हणून हे उभं राहिलं.

एकाच वेळी दोन पूर्ण पदव्या घेण्याचा मार्गही आता मोकळा आहे. यूजीसीने २०२२ मध्ये तशी परवानगी दिली. कॉलेजात नियमित बी.ए. आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम., असं करता येतं. जिद्दीच्या मुलांनी ते जरूर करावं. माझा कल तरीही मायनरकडे आहे, कारण दोन पदव्यांत दोन परीक्षा असतात, दोन अभ्यासक्रम असतात, आणि त्यांची गाठ कुठेच पडत नाही. ती गाठ घालून देणं हे शिक्षकाचं काम आहे.

इतिहासाच्या विभागाशी आमची अशी गाठ पडली आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या रोजकीर्दी आहेत, रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी. मोडी येणाऱ्याला त्या वाचता येतात, पण रक्कम कुठून निघाली, कुणाच्या नावे पडली आणि शिल्लक कशी फिरली, हे समजायला हिशेब यावा लागतो. इतिहास मेजरच्या मुलांना मी लेजर शिकवतो; माझ्या सहकारी प्राध्यापिका बी.कॉम.च्या मुलांना ओईमध्ये मोडी शिकवतात. छापलेल्या नमुन्यांवर ती मुलं शेजारी बसून काम करतात, तेव्हा एकाचं अडलेलं दुसऱ्याकडून सुटतं.

माझी मागणी ओजेटीबद्दल, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंगबद्दल आहे. पदवीत त्याला ४ क्रेडिट आहेत, आणि आजवर बी.ए.च्या मुलांना त्यात फायली लावायला आणि बी.कॉम.च्या मुलांना व्हाउचर टॅली करायला पाठवलं जातं. त्याऐवजी दोघांची जोडी एकाच ठिकाणी पाठवावी. नाट्यनिर्मात्याकडे पाठवली तर एकाने प्रयोगाच्या जाहिरातीचा मजकूर लिहावा, दुसऱ्याने नाट्यगृहाचं भाडं, नटांची नाइट आणि बसचा खर्च मांडावा, आणि तिकिटाचा दर दोघांनी मिळून ठरवावा. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, हे त्या दरात कसं उतरतं ते त्यांना तिथेच कळेल. प्रकाशन संस्था, पतसंस्था, साखर कारखान्याचं प्रसिद्धी खातं, कुठेही हे जमण्यासारखं आहे. अहवाल एकच असावा आणि दोन्ही शाखांच्या परीक्षकांनी तो तपासावा.

पुढच्या जूनमध्ये मुलीला बी.ए.ला घालणार असाल तर प्रॉस्पेक्टसमधली विषयांची नावं वाचून थांबू नका. तिला हवा तो मायनर तिच्या वर्गाच्या वेळेत खरोखर बसतो का, हे टाइमटेबल मागून पाहा. त्या पेपरात जमाखर्च सोडवायला लावतात की नुसत्या व्याख्या विचारतात, हे मागच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवरून कळतं. आणि गेल्या वर्षी मुलं ओजेटीला कुठे गेली होती, त्याची यादी कार्यालयातून मागून घ्या.