गोरेवाड्याचं पाणी

गांधीबाग म्हटलं की लोकांना कापडाची दुकानं आठवतात. आम्हा तिथल्या बायकांना आधी नळाची वेळ आठवते. या नळावरूनच चार महिन्यांपूर्वी शेजारच्या आपांशी माझं बिनसलं. आमच्या नळाला मी टुल्लू पंप लावला होता. "तुमच्या मोटारीमुळे आमच्याकडे थेंब येत नाही," त्या म्हणाल्या. "मग तुम्हीही लावा," मी फटकन बोलून गेले. तेव्हापासून सलाम-दुआ बंद.

मोठ्यांची भांडणं मुलं कुठं मानतात! डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही गोरेवाड्याला निघालो, तर आपांची नात माझ्या मुलीचा हात धरून दारात उभी. तिला नाही कसं म्हणणार?

काटोल रोडनं शहर संपता संपता जंगल सुरू होतं. इथल्या बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाची सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. बसमध्ये बसून वाघ, बिबट, अस्वल पाहता येतात. मुली वाघासाठी आल्या होत्या. वाघोबा आमच्याकडे पाठ करून झोपले होते! हरणं आणि नीलगाई मात्र भरपूर दिसल्या.

मला ओढ होती तलावाची. सफारी आटोपून आम्ही तिकडे गेलो. हा तलाव १९१२च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. पुढे शहर वाढलं, हे पाणी पुरेना. आता पेंच प्रकल्पाचं पाणी दुरून गोरेवाड्याला आणतात, तिथं शुद्ध करून शहरात सोडतात. आपल्या गांधीबागेजवळचा जुमा तलावही असाच जुना, गोंड राजा चांद सुलतान यांच्या काळातला. आज त्याला गांधीसागर म्हणतात.

हे सारं मी मुलींना सांगत होते. वर्गात शिकवायची सवय, दुसरं काय! आपांची नात लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, "खाला, आमच्या घरी हे पाणी रात्री दोनला येतं. दादी उठून भरते. तिचे गुडघे दुखतात ना, म्हणून जिन्यात बसत बसत वर येते."

तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पण मला पुढं काही बोलवेना. वाहत्या नदीकाठीही वुजूला पाणी जपून वापरावं, ही शिकवण मी दरवर्षी मुलांना देते. आणि घरी दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढून मी त्याच पाण्यानं वुजू करत होते. मुसलमानानं आपल्या भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरू नये, हेही मला पाठ होतं. इथं चार महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी पंप काढला. आता आमच्याकडे नळ बारीक चालतो, बादली भरायला वेळ लागतो. त्या संध्याकाळी खिरीचं भांडं घेऊन मी आपांकडे गेले. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले. त्यांनी भांडं घेतलं, पण आत या असं म्हटलं नाही. मी गुमान परत आले.

जुम्याच्या दिवशी नात भांडं परत घेऊन आली. त्यात गरम शेवया होत्या. "दादीनं सलाम सांगितलाय," ती म्हणाली.